बिननावाचे शिंपले

आमच्या शाळेत जून-जुलै हे दोन महिने नावांचे असतात. नवे प्रवेश, दाखले, आधार कार्ड, शिष्यवृत्तीचे अर्ज, या सगळ्यांत मुलाचं नाव एकसारखं असावं लागतं आणि आमच्याकडे नेमकं तेच नसतं. जन्मदाखल्यावर 'आएशा', आधारवर 'आयेशा', शाळेच्या रजिस्टरमध्ये 'आयशा बेगम'. उर्दूत एकाच रीतीने लिहिलं जाणारं नाव मराठी आणि इंग्रजीत जाता जाता एका मुलीच्या तीन मुली करून टाकतं. एका मात्रेच्या फरकामुळे एका मुलीची शिष्यवृत्ती वर्षभर अडकलेली मी पाहिली आहे. मुलगी रोज शाळेत येते, पहिल्या बाकावर बसते, उत्तरं देते. पण कागदाच्या हिशेबात ती नसते. जिची कागदावर नोंद नाही तिच्यासाठी कुणाच्याच खिशात पैसा नसतो.

मी विज्ञान शिकवते. आधी डी.एड., नंतर बी.एड. माहेर लातूरचं, नोकरी नांदेडला, माध्यम उर्दू. रजिस्टरातल्या या नावांच्या भानगडीचा आणि समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या शिंपल्यांचा काही संबंध आहे, असं कुणी पूर्वी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण संबंध आहे, आणि तोही आपल्या गोदावरीच्या काठाने जाणारा. तेवढंच इथे सांगायचं आहे.

आठवीला परिसंस्थेचा पाठ शिकवताना अन्नसाखळीचं चित्र काढावं लागतं. वर सूर्य, मग गवत, मग बकरी, मग आपण. "दुनिया में जो भी खाता है, आख़िर में सूरज का खाता है," असं मी वर्गाला सांगते. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "टीचर, जहाँ धूप पहुँचतीच नै, वहाँ कौन खातै? क्या खातै?"

सवाल साधा होता, पण विज्ञानाला त्याचं नीट उत्तर सापडायला १९७७ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी फेब्रुवारीत गॅलापागोस बेटांजवळ 'अल्विन' नावाची छोटी पाणबुडी सुमारे अडीच हजार मीटर खोल उतरली. आत भूगर्भशास्त्रज्ञ होते. समुद्राच्या तळाला भेगा असतात, तिथे गरम पाण्याचे झरे असावेत, ते त्यांना शोधायचे होते. मोहिमेवर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता, कारण तिथे जीव असतील असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. झरे सापडले, आणि झऱ्यांभोवती पांढऱ्या मोठमोठ्या शिंपल्यांची वस्तीही सापडली. गडद काळोख, हाडं गोठवणारं थंड पाणी, डोक्यावर अडीच किलोमीटर पाण्याचा भार, आणि त्यात माणसाच्या तळहाताहून मोठे शिंपले!

ते खातात काय, हे कोडं सुटायला आणखी चार वर्षं लागली, आणि ते सोडवण्यात वर्गात बसलेल्या एका विद्यार्थिनीचा मोठा हात होता. कॉलीन कॅव्हानॉ ही हार्वर्ड विद्यापीठात शिकत होती. याच झऱ्यांजवळच्या एका मोठ्या नळीकिड्याबद्दल व्याख्यान चाललं होतं. या किड्याला तोंड नाही, पोट नाही, मात्र त्याच्या शरीरात गंधकाचे कण सापडतात, असं वक्त्याने सांगितलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, मग याच्या आत गंधकावर जगणारे जीवाणू असले पाहिजेत. १९८१ मध्ये तिने ते दाखवून दिलं. झऱ्यातून हायड्रोजन सल्फाइड येतो. सडक्या अंड्याच्या वासाचा हा विषारी वायू. जीवाणू त्यापासून ऊर्जा मिळवतात आणि त्या ऊर्जेवर अन्न तयार करतात. वनस्पतीचं प्रकाशसंश्लेषण, तसं हे रसायनसंश्लेषण. शिंपला जीवाणूंना आपल्या कल्ल्यांत घर देतो, जीवाणू त्याला जेवण देतात. घरमालक आणि भाडेकरू दोघंही सुखी.

वर्गाला हे मी रंगवून सांगितलं. पण मुलं ती मुलं! "गॅलापागोस कहाँ है टीचर?" फार लांब आहे, म्हणाले. लांब म्हटलं की मुलांचा रस निम्म्यावर येतो. म्हणून जवळचं काही मिळतं का ते मी शोधू लागले, आणि जे मिळालं ते आपल्या घाटाखालूनच वाहत होतं.

गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ उगवते आणि १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत आपलं नांदेड लागतं. आमच्या लातूरची मांजरा बालाघाटच्या डोंगरात जन्मते आणि तेलंगणात कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. म्हणजे माझं माहेर आणि माझी नोकरी, दोन्हीकडची माती शेवटी एकाच ठिकाणी जाते. ती जाते त्या भागाला शास्त्रज्ञ कृष्णा-गोदावरी खोरं म्हणतात. किनाऱ्यापासून पुढे समुद्रात, लाखो वर्षांच्या गाळाचे थरावर थर तिथे साचलेले आहेत.

२०१८ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं 'सिंधु साधना' हे जहाज या भागात गेलं. सुमारे ९०० ते १,८०० मीटर खोलीवर तळातून मिथेनचे बुडबुडे उसळताना त्यांना आढळले. तळाखाली अवघ्या दोन-तीन मीटरवर मिथेन बर्फासारख्या रूपात गोठलेला होता. आणि त्या पाझराभोवती रसायनांवर जगणाऱ्या जीवांची वस्ती होती. तिसऱ्यासारखे दोन झडपांचे शिंपले, लांबट शिंपले, छोट्या गोगलगायी, नळीकिडे. अनिंद्य मजुमदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हे प्रसिद्ध केलं. भारताच्या सागरी हद्दीत चालू अवस्थेतला असा थंड पाझर पहिल्यांदाच नोंदला गेला. त्याआधी, २००९ मध्ये, याच खोऱ्यातून काढलेल्या गाळाच्या नमुन्यात अशाच शिंपल्यांची जुनी कवचं सापडल्याचं याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी लिहिलं होतं. म्हणजे ही वस्ती कालपरवाची नाही. एक पाझर आटला की दुसरा फुटतो, आणि शिंपले बिऱ्हाड हलवतात.

तिथला गाळ आपला आहे हे कशावरून? हा प्रश्न मलाही पडला. उत्तराची सुरुवात एका जुन्या माणसापासून करावीशी वाटते. सुमारे हजार वर्षांपूर्वी अल्-बिरूनीने हिंदुस्तानावरच्या आपल्या ग्रंथात एक निरीक्षण नोंदवलं. डोंगराजवळ नदीतले दगड मोठे असतात, पुढे जावं तसे लहान होत जातात, आणि मुखाशी नुसती बारीक वाळू उरते. त्यावरून त्याने अनुमान काढलं की उत्तरेचा हा सारा सपाट प्रदेश कधीकाळी समुद्र असावा आणि तो नद्यांनी आणलेल्या गाळाने भरत गेला असावा. हातात दुर्बीण नाही, सूक्ष्मदर्शक नाही, फक्त दगड आणि नजर! आमच्या मुलांना बिरूनीचं नाव माहीत असतं. त्याने नदीतला दगड उचलून पाहिला होता, हे मात्र कुणी सांगत नाही.

बिरूनीने नजरेने केलं ते आज मोजमापाने होतं. २००६ मध्ये भारताच्या राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमाखाली एका जहाजाने कृष्णा-गोदावरी खोऱ्यात खोल छिद्रं पाडून गाळाचे लांब नमुने काढले. त्यातल्या एका नमुन्याचा अभ्यास लिविउ जिओसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. मातीत निओडिमिअम नावाचं मूलद्रव्य अगदी थोडं असतं. दख्खनच्या काळ्या कातळाच्या मातीत त्याच्या समस्थानिकांचं प्रमाण वेगळं, पूर्वेकडच्या जुन्या खडकांच्या मातीत वेगळं. त्या प्रमाणावरून माती आपला पत्ता सांगते. गेल्या काही हजार वर्षांत, हवा कोरडी होत गेली आणि शेती पसरत गेली तसा, समुद्राच्या तळाशी जाणाऱ्या गाळात दख्खनच्या मातीचा वाटा वाढत गेला, असं त्यांना दिसलं. वाचून मी गप्प झाले. आपल्या कापसाच्या, ज्वारीच्या रानातली ती काळी माती, जी पावसात चपलेला चिकटून निघता निघत नाही, तिची ओळख हजार मीटर पाण्याखालीही पुसली गेलेली नाही!

आता पाझराची गोष्ट पुरी करते. नदी फक्त माती नेत नाही. पाचोळा, काड्या, मुळं, मेलेले जीव, सगळं नेते. समुद्रात त्यात सूक्ष्म वनस्पतींची भर पडते. हे सारं गाळाखाली गाडलं जातं. तिथे प्राणवायू नसतो. मग प्राणवायूशिवाय जगणारे सूक्ष्मजीव त्याचं हळूहळू मिथेन करतात. आपल्या गोबरगॅसच्या टाकीत होतं तेच, फक्त हजारो वर्षांच्या संथपणाने. मिथेन वर येऊ लागला की वरच्या गाळातले सूक्ष्मजीव त्याची समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटशी गाठ घालून देतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. शिंपला आपला पाय गाळात खुपसून तो शोषून घेतो, आणि कल्ल्यांतल्या जीवाणूंना पोचवतो. लांबट शिंपल्यांच्या काही जाती तर सरळ मिथेनवर जगणारे जीवाणू पाळतात.

म्हणजे त्या मुलीच्या सवालाचं उत्तर दोन तऱ्हांचं झालं. गॅलापागोसच्या गरम झऱ्यांवर जेवण येतं ते पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने. तिथे सूर्याचा हात फारच थोडा. तो म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू, कारण तो वरच्या वनस्पतींनी उन्हातच तयार केलेला असतो. पण आपल्या गोदावरीच्या पाझरावरचा शिंपला खातो ते ऊनच आहे. फक्त जुनं ऊन. कुठल्या तरी काळी कुठल्या तरी झाडाच्या पानाने धरलेलं, नदीने वाहून नेलेलं, गाळाने जपून ठेवलेलं. पाठातलं वाक्य चुकीचं ठरत नाही, पण ते फार लांबचा वळसा घेतं.

आज ही वाट अडली आहे. विष्णुपुरी, बाभळी, श्रीराम सागर, आणि मांजरेवर धनेगावचं धरण. गाळ आता समुद्राऐवजी धरणांत बसतो. ही धरणं नकोत असं म्हणण्याची माझी हिंमत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. रिकाम्या घागरीसमोर शिंपल्यांची वकिली कोण करणार? खोल थरांतला मिथेन फार जुन्या गाळाचा आहे, त्यामुळे आजच्या धरणाचा परिणाम तिथे उद्याच दिसेल असंही नाही. पण नदीच्या दुसऱ्या टोकालाही कुणी जेवायला बसलेलं आहे, एवढं माहीत असायला काय हरकत आहे?

आणि आता पुन्हा नावांकडे येते.

जीव सापडणं आणि जीवाला नाव मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या वाचनात कळलं. जहाजावर शिंपला वर आला की त्याचं घराणं ओळखता येतं, फार तर कुळ. पण तो नेमका कोण? आधी सापडलेल्यांपैकी की अगदी नवा? त्यासाठी त्याचं कवच, बिजागरीचे दात, आतले अवयव पाहावे लागतात. जनुकांची तुलना करावी लागते. जगभरच्या संग्रहालयांत ठेवलेल्या जुन्या नमुन्यांशी तो ताडून पाहावा लागतो. मग रीतसर वर्णन छापायचं, एक नमुना कायमचा संग्रहालयात जमा करायचा, आणि तेव्हा कुठे नाव पक्कं होतं. याला वर्षं लागतात. तोवर तो नुसत्या कुळाच्या नावाने ओळखला जातो. आमच्या रजिस्टरात फक्त 'शेख' लिहून पुढची जागा कोरी सोडावी, तसं.

गॅलापागोसच्या त्या पांढऱ्या शिंपल्याला १९८० मध्ये नाव मिळालं, 'कॅलिप्टोजेना मॅग्निफिका'. नाव देणाऱ्या दोघांपैकी एक रूथ टर्नर. ही बाई शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयातून शिकलेली. पुढे मृदुकाय प्राण्यांची जगात गाजलेली तज्ज्ञ झाली, आणि 'अल्विन'मधून खोल समुद्रात उतरणारी पहिली स्त्री शास्त्रज्ञही. बी.एड.वाल्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आपल्या हिंद महासागरातली गोष्ट याहून बोलकी आहे. २००१ मध्ये मध्य हिंद महासागरातल्या 'कैरेई' या उष्ण झऱ्यावर एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर खवले होते, आणि खवल्यांवर लोखंड आणि गंधक यांच्या संयुगाचा मुलामा. लोखंडी चिलखत घातलेला दुसरा प्राणी माहीत नव्हता. जगभर बातम्या झाल्या, छायाचित्रं छापली गेली. पण रीतसर नाव मिळालं ते २०१५ मध्ये, चोंग चेन आणि सहकाऱ्यांकडून, 'क्रायसोमॅलॉन स्क्वॅमिफेरम'. चौदा वर्षं ही प्रसिद्ध गोगलगाय बिननावाची होती. नाव मिळालं आणि चारच वर्षांत, २०१९ मध्ये, आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या लाल यादीत तिची 'संकटग्रस्त' म्हणून नोंद झाली. खोल समुद्रातल्या खाणकामाच्या धोक्यामुळे त्या यादीत आलेली ती पहिली प्रजाती. पुढे २०२१ मध्ये उष्ण झऱ्यांवरच राहणाऱ्या १८४ मृदुकाय प्रजातींचा हिशेब प्रसिद्ध झाला. त्यातल्या ६२ टक्के धोक्याच्या वर्गात निघाल्या.

हे १८४ कोण? ज्यांना नाव आहे ते. बिननावाचे किती, त्यांना धोका किती, हे त्या यादीला विचारता येत नाही. यादी नावांची असते.

खाणकामाची गोष्ट परक्यांचीच आहे असं समजू नये. गरम झरे जिथे असतात तिथे तांबं, जस्त, सोनं यांचे साठे असतात. अशा साठ्यांचा शोध घेण्यासाठी भारतानेही २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी हिंद महासागरातल्या १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी करार केला. गोदावरीच्या पाझराखालचा गोठलेला मिथेनही उद्याचं इंधन म्हणून पाहिला जातो. देशाला धातू हवेत, इंधन हवं, यात वावगं काही नाही. मात्र जागेचा पंचनामा करताना तिथे राहणाऱ्यांची नावं आधी लिहून घ्यावीत, इतकं तर आपल्या गावच्या तलाठ्यालाही कळतं.

नाव देण्याचं हे काम फक्त जहाजवाल्यांचं नाही. २०२१ मध्ये आंबोलीच्या जंगलातून अमृता भोसले, तेजस ठाकरे आणि बेन रोसन यांनी एका अर्धगोगलगायीचं नवं कुळ आणि नवी प्रजाती नोंदवली, 'वराडिया आंबोलिएन्सिस'. कुळाचं नाव ज्येष्ठ संशोधक वरद गिरी यांच्यावरून, प्रजातीचं नाव गावावरून. सिंधुदुर्गातलं एक गाव आता जगभरच्या शास्त्राच्या वहीत कायमचं लिहिलं गेलं. आमच्या लातूरला गोगलगाय म्हटलं की २०२२ चं सोयाबीन आठवतं. कोवळी रोपं रातोरात फस्त झाली, शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ आली. पण तिथेही पहिला प्रश्न हाच की ही गोगलगाय कोणती? इथलीच की बाहेरून आलेली? नावाशिवाय ना रक्षण होतं, ना बंदोबस्त.

मग मी वर्गाला एक काम दिलं. घरच्या मोठ्यांबरोबर नदीकाठी किंवा शेताकडे जाल तेव्हा शिंपले, शंख दिसतील ते पाहा. जिवंत असेल तो तिथेच राहू द्या, रिकामं कवच तेवढं आणा. कुठे सापडलं, कोणत्या तारखेला, पाण्यात की चिखलात, हे चिठ्ठीवर लिहा. आठ-दहा दिवसांत बिस्किटांचे रिकामे डबे भरले. कुणी त्याला 'सिप्पी' म्हणे, कुणी 'घोंघा'. शेजारच्या मराठी शाळेत जाणारा एकीचा भाऊ म्हणाला 'शिंपला'. एकाच कवचाला तीन नावं, आणि तीनही बरोबर! मी सांगितलं, घरातली ही नावं सोडू नका. पण नांदेडचं, जपानचं आणि ब्राझीलचं माणूस एकाच जीवाबद्दल बोलत आहे हे कळावं म्हणून चौथं एक नाव लागतं. ते शिकावं लागतं, आणि कधी कधी ते द्यावंही लागतं.

उर्दू माध्यमाच्या मुलांना विज्ञान जड जातं, हे मी नोकरी लागल्यापासून ऐकते आहे. पारिभाषिक शब्द उर्दूत एक, पुढे कॉलेजात इंग्रजीत दुसरे, बाहेर व्यवहारात मराठीत तिसरे. हे ओझं खरंच आहे, मी ते रोज पाहते. पण एका वस्तूची तीन नावं सांभाळत जगणाऱ्या या मुलांना नावाची किंमत इतरांपेक्षा जास्त कळते, असाही माझा अनुभव आहे. कवचावरच्या चिठ्ठीत तारीख चुकू नये म्हणून ती ज्या काळजीने लिहितात, ती काळजी हेच तर या शास्त्राचं निम्मं काम!

सवाल विचारणाऱ्या त्या मुलीने सत्राच्या शेवटी वहीत अन्नसाखळीचं चित्र नव्याने काढलं. वर सूर्य, मग झाड, मग गोदावरी, मग गाळ, मग बुडबुडे, मग शिंपला. प्रत्येकाखाली उर्दूत नाव लिहिलं होतं. शिंपल्याखाली मात्र नुसती रेघ.

"टीचर, इसका नाम क्या लिखूँ?"

मी म्हटलं, "अभी जगह ख़ाली रख."